मंगळवारचा आशीर्वाद

टीव्हीवर व्हॅटिकनच्या त्या बारक्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि रेजिनाबाईंनी मांडीवरचा नातू उचलून छातीशी धरला.

"पांढरा! नवे पोप ठरले! विहीणबाई, पांढराच आहे ना?"

"मला तर करडा दिसतोय," हेंड्रिकाबाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा कपाळावर होता.

रेजिनाबाई वसईच्या, सात पिढ्यांच्या कॅथलिक. लेकीच्या बाळंतपणासाठी नेदरलँड्समधल्या आर्नहेमला आलेल्या. हेंड्रिकाबाई इथल्याच, जावयाची आई, तितक्याच पिढ्यांच्या लूथरन, म्हणजे पोपला न मानणाऱ्या. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे भांडण बरोबरीचं व्हायचं. आज घरात दोघीच होत्या. लेक सुचित्रा आणि जावई रविवारच्या समारंभाच्या खरेदीला गेले होते. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा होता, हेंड्रिकाबाईंच्या चर्चमध्ये. छपरावर क्रुसाच्या जागी हंस, लूथरचं चिन्ह, असलेलं ते चर्च. रेजिनाबाईंनी तो घास महिनाभर चघळला होता आणि शेवटी गिळला होता.

टीव्हीवर सज्जाचं दार उघडलं. नवे पोप बाहेर आले. ते जर्मन आहेत, असं निवेदकानं सांगितलं.

"पोप, आणि वर जर्मन!" हेंड्रिकाबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"तुमचे लूथर कुठले हो, विहीणबाई?"

हेंड्रिकाबाईंनी कप परत उचलला.

आता आशीर्वाद होणार होता. रेजिनाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि बाळाला घेऊन त्या उभ्या राहिल्या. हा आशीर्वाद टीव्हीवरूनही लागतो, रेडिओवरूनही लागतो. चौसष्ट साली पोप मुंबईला आले, तेव्हा रेजिनाबाईंनी आपल्या थोरल्याला गर्दीत डोक्याच्या वर उचलून धरलं होतं. धाकट्यांना रेडिओपुढे बसवलं होतं. पोपचा आशीर्वाद चुकलेलं मूल त्यांच्या घरात आजवर नव्हतं.

"बाळ माझ्याकडे द्या," हेंड्रिकाबाई म्हणाल्या.

"का?"

"आशीर्वाद तुमचा आहे, तुम्ही घ्या. बाळ त्यात नको."

"पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच. माणूस भला असेल. मागचे पोप गेले तेव्हा मीही रडले."

"रडलात. मी पाहिलं."

"पण ते आसन ख्रिस्तविरोधकाचं आहे. देवाच्या जागी बसणाऱ्याचं. माझ्या वडिलांनी मला हेच शिकवलं आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही, रेजिना."

"नका बोलू. खोटं मलाही चालत नाही." रेजिनाबाईंनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग एवढंच सांगा. तो तुमचा ख्रिस्तविरोधक बसतो कुठे? शास्त्रात काय लिहिलंय?"

हेंड्रिकाबाईंना शास्त्र पाठ होतं. "देवाच्या मंदिरात."

"म्हणजे माझं चर्च देवाचं मंदिर झालं."

टीव्हीवर लोक ओरडत होते. हेंड्रिकाबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आहेच. नसतं तर आम्हाला इतकं लागलं असतं का? परक्याच्या घरात कोण बसलंय, याचं कुणाला काय!"

"आणि माझा बाप्तिस्मा? उद्या मी तुमच्यात आले, तर पुन्हा पाणी घालाल डोक्यावर?"

"छे! एकदा झाला तो झाला."

"झालं तर मग. पोर बाप्तिस्मा झालेल्या बाईच्या हातात आहे." रेजिनाबाई टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "रविवारी मी त्याला तुमच्या पाण्यापाशी नेणार आहे. माझ्या या हातांनी. वसईत कुणी काय म्हणायचं ते म्हणो. पण आजचा मंगळवार माझा."

"मला हे पटत नाही."

"मला तरी रविवार कुठे पटलाय?"

पडद्यावर गर्दी एकदम शांत झाली. रेजिनाबाई गुडघे टेकायला वाकल्या. एका हातात बाळ, दुसरा सोफ्याच्या कडेवर. उजवा गुडघा अर्ध्यावर अडकला. खाली जाईना, वर येईना. सोफ्यावरचा हात घसरू लागला.

"बाळ द्या!"

"देणार नाही."

"पडाल!"

"पडले तर उताणी पडेन. पण देणार नाही."

हेंड्रिकाबाई उठल्या. टीव्हीकडे पाठ करून, तोंड खिडकीकडे ठेवून त्या रेजिनाबाईंच्या शेजारी ताठ उभ्या राहिल्या. मग आपला रुंद पंजा त्यांनी विहिणीच्या बाळ धरलेल्या हाताच्या कोपराखाली घातला आणि सगळा भार घेत तिला हळूहळू खाली टेकवलं.

लॅटिनमधला आशीर्वाद सुरू झाला. रेजिनाबाईंनी मान खाली घातली आणि बाळाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. हेंड्रिकाबाई त्याच्याकडे एकटक बघत राहिल्या. शेवटचं आमेन होईपर्यंत कोपराखालचा हात हलला नाही.

"आभारी आहे, विहीणबाई," रेजिनाबाई खालूनच म्हणाल्या.

"मी बाळाला धरलंय," हेंड्रिकाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "फक्त बाळाला."