गाढवाचे कान

बंडोपंतांनी चौथं पान उलटून पुस्तक पोरींकडे वळवलं आणि शाळेच्या हॉलमध्ये हशा फुटला. गळ्यात झेंडूची माळ, डोक्यावर बँडवाल्याची टोपी, आणि तरीही बाजारात कोणी बघत नाही म्हणून एक कान वर, एक खाली पाडून बसलेलं गाढव.

बंडोपंत थांबले. उपरणं सावरत पाहुण्यांना म्हणाले, "मुलांना विनोद कळतो. लिहिणाऱ्याला तो साधता आला पाहिजे."

मागच्या बाकावर चित्रकलेच्या शरयूबाई बसल्या होत्या. त्या दोन कानांसाठी त्यांनी नालवाडीच्या कुंभाराच्या दारात पाच रविवार उन्हात काढले होते. छापलेलं पुस्तक त्यांच्या हाती आज सकाळी पडलं. वर मुख्याध्यापक बंडोपंतांचं नाव, आत पुन्हा तेच नाव, मागे त्यांचा फोटो. शरयूबाईंनी सगळी पानं दोनदा तपासली होती.

समारंभ संपताच त्यांनी बंडोपंतांना दारात गाठलं.

"सर, चित्रांसाठी माझं नाव कुठंच नाही."

"अरेच्चा, नाही का?" त्यांनी पानं चाळल्यासारखं केलं. "नागपूरला छापखान्यात राहिलं असणार. दुसऱ्या आवृत्तीत बघू. आणि शरयूबाई, आपण काय नावासाठी करतो का हे?"

मग गळ्यातला हार काढून त्यांनी तो शरयूबाईंच्या हातात दिला. "जरा धरता?" म्हणाले, आणि पाहुण्यांबरोबर चहाला गेले.

हार खिडकीत टाकून शरयूबाई आपल्या वर्गात शिरल्या. झाडणारी धुरपता खराटा बाजूला ठेवून भुईवर बसली होती. मांडीवर पुस्तक. हसता हसता डोळे पुसत होती.

"बाई, पाहा ना याचं थोबाड! कसं रुसून राह्यलं! मले वाचता येत नाई, पण सारी गोष्ट समजली."

शरयूबाईंना एकदम भरून आलं. "ते गाढव मी काढलंय, धुरपता."

"तुमी?" धुरपतानं पुस्तक उलटं करून मागचा फोटो दाखवला. "मंग फोटो काऊन गुरुजीचा?"

शरयूबाई फळ्याकडे गेल्या. त्यांनी खडू उचलला. आधी पाठीची एक लांब रेघ. मग पोट, पाय, फुरंगटलेलं तोंड. शेवटी कान. खडू इतका दाबला गेला की दुसऱ्या कानाशी तुटला. उरलेल्या तुकड्यानं त्यांनी कान पुरा केला आणि बाजूला झाल्या.

धुरपता उठली. पुस्तक फळ्याला लावून तिनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"अगाई! हुबेहूब गुरुजीसारखं उतरवलं तुमी!" ती म्हणाली. "हे मी पुसत नाई, बाई. उद्या गुरुजीले दाखवजा. खूश होतीन."