आवाज ताईचा, आराम धाकटीचा

"काळा नको. डाव्या कानामागे टोचतोय," धाकटीने हातांनी सांगितलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

ताईने कपाळावर हात मारला. त्या काळ्या हेडफोनवर ती सकाळपासून जीव ओवाळून टाकत होती. गिटारची एकेक तार सुटी ऐकू येत होती, गाणारीने मध्येच घेतलेला श्वाससुद्धा. पण आरामाच्या बाबतीत धाकटीचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दोघींचा हा धंदाच होता. बाजारात आलेले हेडफोन तपासून कोणता घ्यावा, कोणता घेऊ नये, हे ताई एका मासिकात लिहायची. आवाज ती बघायची, आराम धाकटी. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि म्हणूनच या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऐकणाऱ्याला गाणं आवडलं की तो दुखरा कान विसरतो. धाकटीला गाण्याची भूल पडत नसे. हेडफोन चढवून ती आपलं काम करत बसे आणि कानावरची गादी कुठे तापते, डोक्यावरची दांडी कुठे रुतते, एवढंच सांगे.

आज मात्र दोघींचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. धाकटीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, कृत्रिम दात घडवणाऱ्या प्रयोगशाळेत. राहायला खोलीही तेच देणार होते. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आई गेल्यापासून दोघीच एकमेकींना होत्या, आणि ताईचं पालुपद ठरलेलं. दारावर कुणी आलं तर? गॅसवर काही राहिलं तर? रात्री-अपरात्री काही झालं तर? "तू तिकडे आणि माझा जीव इथे टांगणीला," ती हातांनी म्हणायची. धाकटी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. ही आपल्या परवानगीसाठीच अडून बसलीय, याची ताईला खात्री होती. तरी तिच्या हातांतून 'जा' निघत नव्हतं.

"आता पांढरा बघ," धाकटीने खुणावलं. "माझ्याकडून पास. डोक्यावर काही आहे हेच कळत नाही."

ताईने चहासाठी दूध गॅसवर ठेवलं, पांढरा हेडफोन कानांवर चढवला आणि खिडकी उघडली. समोर एक इमारत पाडत होते. गोंगाट अडवणाऱ्या हेडफोनला याहून चांगली परीक्षा कुठली? तिने बटण दाबलं.

आवाज गेला. आजवर तिने असले कितीतरी हेडफोन तपासले होते, पण तळाशी कुठेतरी घरघर उरायचीच. इथे काहीच उरलं नाही.

समोरची अख्खी भिंत कोसळली आणि चाळणीतून पीठ पडावं तशी मऊ खाली आली. ड्रिल धरलेल्या माणसाचे खांदे थडथडत होते. एक कुत्रं सगळ्या अंगाने भुंकत होतं. धुळीतून उन्हाचे पट्टे उतरत होते. एरवी हीच खिडकी ताई चरफडत लावून घ्यायची. आज ती बाहेर वाकून बघू लागली. एवढं सगळं रोज आपल्या नाकासमोर चालतं आणि आपण कधी पाहिलंच नाही! किती वेळ ती तिथे उभी होती कोण जाणे.

मग ती वळली. धाकटी टेबलाशी बसून मेणाचा दात कोरत होती. अचानक तिने मान वर केली आणि नाकाने काहीतरी हुंगलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि उतू गेलेल्या दुधाखालचा गॅस तिने बंद केला. परत येताना तिची नजर दाराखालच्या फटीवर गेली. तिथल्या उजेडात कुणाची तरी सावली आली होती. तिने दार उघडलं. बाहेर पार्सलवाला बेलवर बोट रोवून वैतागलेला उभा होता. त्याला सही देऊन ती टेबलाशी आली, लाकडावर तळवा टेकला आणि थबकली. कागदांच्या ढिगाखालून तिने ताईचा थरथरत वाजणारा फोन शोधून काढला, तिच्या हातात दिला आणि पुन्हा दात कोरायला बसली.

ताई पाहतच राहिली. दूध, दार, फोन, यातलं एकही तिला कळलं नव्हतं. एरवी बेल वाजली की तीच धावायची, फोन वाजला की तीच उचलायची. तिचे कान नेहमी धाकटीच्या डोळ्यांच्या आधी पोचायचे. धाकटीच्या जगात एक भलीमोठी पोकळी आहे आणि ती आपण भरून काढतो, असं ती जन्मभर समजत आली होती. इथे तर तसूभरही जागा रिकामी नव्हती. आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांसमोर ही पोरगी असं जगत आली होती!

हेडफोन न काढताच ती धाकटीसमोर येऊन बसली.

"जा," तिचे हात म्हणाले. "मीच वेड्यासारखं अडवून धरलं तुला. आत्ताच्या आत्ता हो कळव."

धाकटीने कोरणी खाली ठेवली. आनंदाने उडी मारेल असं ताईला वाटलं होतं, पण ती नुसती बघत राहिली. आधी ताईकडे, मग ओट्यावरून ओघळणाऱ्या दुधाकडे. तिचे हात जरा अवघडूनच वर आले.

"कळवते. पण त्यांचं उत्तर येऊ दे आधी. मी विचारलंय त्यांना, दोघींना पुरेल अशी खोली मिळेल का. म्हटलं, माझी ताई आहे. ती एकटी राहू शकत नाही."