आगेऱ्याच्या फोटोतली बाई

शेवटचा फोटो खिळ्याला लागला. रुचिका दोन पावलं मागे सरली, भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आंटी, ही बाई कोण?"

"कुठली?"

"ही लाल लुगड्यातली. इथे आहे, तिथे आहे. बँडच्या फोटोतही आहे."

रुचिका चारकोपच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. वर्तमानपत्रांच्या टेबलामागची भिंत तिनेच सिंथियाला देऊ केली होती. सिंथिया बँकेतून निवृत्त झाली, तेव्हा तिने कॅमेरा घेतला. शिकवायला कोणी नव्हतं. चुकतमाकत जमवलं. तेव्हापासून ती आपल्या माहेरचे, मनोरीचे सण टिपत होती. ऑक्टोबरात आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. मे महिन्यात क्रुसाचा सण. मग नाताळ. मार्व्याहून बोटीने जायचं, फोटो काढायचे, बोटीने परत यायचं.

"गावातली असेल कोणीतरी," सिंथिया म्हणाली.

रुचिका फोटोच्या अगदी जवळ गेली. "पण फोकस तर हिच्यावरच आहे. ट्रम्पेटवाला बघा, पुढे असून धुरकट आलाय."

ती बाई सिंथियाची सख्खी मोठी बहीण होती. सेराफिना. घरात सगळे तिला बाय म्हणायचे.

आईच्या मयताच्या दिवशी दोघींचं बिनसलं. आईचं सगळं सेराफिनानेच केलं होतं. उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं. सिंथिया रविवारी यायची, कधी तेही नाही. तरी त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, ती बोलून गेली, "मला वेळेत सांगितलं असतंस, तर मी तिला चांगल्या हॉस्पिटलात नेलं असतं." सेराफिना एवढंच म्हणाली, "मग न्यायची होतीस आधीच. तुझीपण आई होती." ते शेवटचं बोलणं.

माफी मागायची असं सिंथियाने कितीदा ठरवलं. फोन हातात घेतला की शब्द सुचत नसत. कॅमेरा आल्यावर गावात जायला एक कारण मिळालं. घराची वाट मात्र ती टाळायची. मिरवणुकीत, चर्चच्या पायऱ्यांवर, मैद्याचे गोल फुगे तळायच्या कढईपाशी बहीण लांबून दिसायची. तेवढ्यावर ती परत यायची.

आता सगळे फोटो एका भिंतीवर आले, आणि जे तिने स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं, ते रुचिकाने बघता बघता ओळखलं.

सिंथिया खुर्चीवर चढली आणि बँडचा फोटो खिळ्यावरून उतरवायला लागली.

"काय करताय?"

"रविवारी गावातली माणसं यायचीत. हे नकोत. सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

सिंथियाने सांगितलं. खुर्चीवर उभ्याउभ्याच, भिंतीकडे तोंड करून, सगळं.

"आंटी, ती आहे ते सगळे फोटो उतरवलेत, तर भिंतीवर काय उरेल?"

सिंथियाने पाहिलं. एक सजवलेला क्रूस उरत होता आणि एक बोट. ती खाली उतरली. बँडचा फोटो होता तिथेच राहिला.

रविवारी मनोरीची माणसं आली. ओळखीचे चेहरे शोधून बोटं दाखवू लागली. "हा बघ ह्युबर्ट, पोट कसं आलंय." "अगं, ही माझी साडी." वाचनालयात शांतता पाळायची पाटी होती, पण त्या दिवशी रुचिकाने कोणाला हटकलं नाही. बँडमास्तर ह्युबर्टने दोन फोटो पाहिले, तिसरा पाहिला, आणि तिन्हींत सेराफिना दिसताच बाजूला झाला. बाकीचेही हळूहळू बाजूला झाले. त्यांच्यामागून सेराफिना आत आली.

ती एकटीच भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. प्रत्येक फोटोपुढे थांबली. एका फोटोत ती भाताच्या लोंब्या घेऊन उभी होती. एकात कढईवर वाकलेली होती. एकात नुसतीच गर्दीत होती. कुठल्याच फोटोत तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं. सिंथियाने ते घरी कितीदा तरी पाहिलं होतं. बहीण आपल्याला ढुंकूनही बघत नाही, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

सेराफिना शेवटच्या फोटोपाशी पोचली, तेव्हा सिंथिया तिच्याजवळ गेली. कितीतरी दिवस जुळवलेले शब्द ऐन वेळी गेले.

"बाय," ती म्हणाली, "मी त्या दिवशी फार वाईट बोलले."

"बोललीस." सेराफिनाने नजर फोटोवरून काढली नाही. "मीपण काही कमी बोलले नाही."

दोघी शेजारी उभ्या राहिल्या. सेराफिनाने लुगड्याच्या पदराने फ्रेमच्या काचेवरचा बोटाचा डाग पुसला. सिंथियाला रडू येत होतं, म्हणून ती मुद्दाम हसली. "मी मिरवणुकीचे फोटो काढायला जायचे गं. तू आपोआप मध्ये यायचीस."

"आपोआप कशी येईन गो?" सेराफिना म्हणाली. "तू कॅमेरा घेऊन कुठे उभी आहेस ते बघून, दर वेळी मी जागा धरायचे."