जुनी डिस्क

बाबांचा चिमुकला लॅपटॉप इतका रखडत सुरू व्हायचा, की त्यापेक्षा गोगलगाय परवडली. मी त्यात बसवायला वेगवान एसएसडी आणली, तर आईच आडवी आली.

“राहू दे गं. चालतोय ना? त्यांना कुठे कचेरी गाठायचीय?”

आईची काटकसर मला ठाऊक होती. मी तिचं काहीएक ऐकलं नाही. मागचे स्क्रू काढले, जुनी डिस्क काढून नवी बसवली. बटण दाबलं आणि बाबांचा चष्मा पुसून होईपर्यंत लॅपटॉप हजर! बाबा इतके खूश, की जेवायलाही त्याच्यासमोरच बसले.

आठवड्याच्या आत आईने मला बोलावून घेतलं. ओट्यावर न सोललेले मटार, खुर्चीत वाळलेल्या कपड्यांचा डोंगर, खिडकीतल्या झाडांनी माना टाकलेल्या. तिने माझ्या हातात जुनी डिस्क आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

“ही मुकाट्याने परत बसव. आयुष्यभर सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, तरी तुझे बाबा जागचे हलले नाहीत. ही सगळी कामं ते फक्त लॅपटॉप सुरू होईपर्यंत करायचे.”