ठळक अक्षर

शिंत्रेकाकांनी बायकोचा रिपोर्ट लॅबच्या काउंटरवरच उघडला आणि ते बाकावर मटकन बसले.

"काका, काय झालं?" रिपोर्ट टाइप करणारी हेमांगी काचेमागून उठली.

"काय व्हायचं राहिलंय? चांगलं ठळक छापून दिलंयत की." त्यांनी शेवटच्या परिच्छेदातल्या 'कॅन्सर'वर बोट ठेवलं.

नव्या सॉफ्टवेअरला कोणीतरी शिकवून ठेवलं होतं, आजाराचं नाव दिसलं की ठळक करायचं. वाक्य काय म्हणतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. हेमांगीने अख्खी ओळ वाचून दाखवली, 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.'

"मग 'नाहीत' एवढं बारीक का गं पुटपुटतं तुमचं मशीन?"

हेमांगी परत कॉम्प्युटरसमोर बसली. तिने 'कॅन्सर' साधा केला, 'नाहीत' ठळक केलं आणि नवा कागद त्यांच्या हातात ठेवला. काका दारापर्यंत गेले, चष्मा पुसत परत आले.

"पोरी, तेवढा एक शब्द आणखी मोठा होईल? ती समोर रिक्षात बसलीय, आत यायला तयार नाही. इथूनच दाखवतो."