चेंडू न हरवणाऱ्या बाया

१९८७ साल. चंद्रपूरच्या खाणीवरल्या साहेबांच्या क्लबात उद्या श्रीलंकेच्या बायांशी गोल्फचा सामना होता. सेक्रेटरी पेपरवाल्याला छाती फुगवून सांगत होते, "लिहा, आमच्या लेडीजचा चेंडू कधी हरवतच नाही!"

झुडपांतून रोज तेच चेंडू हुडकून देणारी मनकर्णा मागेच उभी होती. तिच्याकडे लक्ष जाताच ते खेकसले, "ए, उद्या पाहुण्यांसमोर हे ध्यान नको. कुंपणाबाहेर राहायचं!"

दुसऱ्या दिवशी सामना बरोबरीत आला आणि क्लबच्या बाईंचा चेंडू पळसाच्या झुडपात शिरला. पाच मिनिटांत सापडला नाही, तर खेळ खलास. सेक्रेटरी धापा टाकत कुंपणाशी आले. "मनकर्णाबाई, कुठे पडला?"

तिला तो तारेपलीकडून लख्ख दिसत होता.


"मले काऊन पुसता साहेब? तुमच्या लेडीजचा चेंडू तं कधी हरवतच नाई!"