कुमुदच्या हातची माशी

"गळाला काळी माशी लावा," राजाराम म्हणाला. "थंडी आहे, पाणी शांत आहे. आज काळीच चालणार, श्यामराव."

श्यामकांतांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. मागच्या रविवारी यानेच तपकिरी सांगितली होती, त्याच्या आधी नारिंगी. दर वेळी राजारामच्या गळाला मासा लागायचा. श्यामकांतांकडे मासा यायचा, ओढ द्यायचा आणि निसटून जायचा. एकदा-दोनदा ठीक आहे, पण तीन हिवाळे?

दिल्लीबाहेर, मानेसरच्या पुढे एका फार्महाउसवर हे तळं होतं. मालक दर डिसेंबरला हिमाचलातून ट्राऊट मासे आणून त्यात सोडायचा. उन्हं तापायला लागली की खेळ बंद. फेब्रुवारीतला हा रविवार म्हणजे यंदाचा शेवटचा. इथे गळाला किडा किंवा कणीक लावायची नाही. लोकर, रेशीम, पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची आणि लागलेला मासा परत पाण्यात सोडायचा. माशाला इजा नको म्हणून गळाच्या अणकुचीदार टोकामागचा उलटा काटा घासून टाकलेला हवा, हा मालकाचा कडक नियम.

श्यामकांतांच्या माशा कुमुद बांधायची. त्यांनी आधी स्वतः करून पाहिलं, पण हात थरथरायचा. मग कुमुदने करोल बागेतून लोकर आणली आणि बसली. भरतकामाचा हात तिचा, माशा अगदी देखण्या व्हायच्या. शेवटी छोट्या कानशीने ती काटाही घासून द्यायची. राजारामने मागितल्या तेव्हा त्यालाही तिने डबीभर करून दिल्या होत्या.

एवढं सगळं चाललं होतं ते एका शब्दापायी. मंत्रालयातून रिटायर झाल्यावर श्यामकांतांनी घराचंच ऑफिस केलं होतं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. फोडणीत मोहरी कधी घालायची यावर मत दिलं. रविवारी कुमुदच्या मैत्रिणी भजनाला जमायच्या, तिथे खुर्ची टाकून बसले आणि बायकांचा ताल सुधारू लागले. तेव्हा ऑफिसातल्या जुन्या दोस्ताने, राजारामने, त्यांना तळ्यावर आणलं. संध्याकाळी ते चिखलाचे बूट घेऊन घरी परतले, तर कुमुद गप्प गप्प. आपल्यावाचून तिला करमलं नाही, असं वाटून त्यांना भरून आलं.

"एक ट्राऊट पकडू दे," ते म्हणाले. "मग हिवाळ्यातही दर रविवारी घरी, तुझ्यासोबत. शब्द आहे माझा."

तेव्हापासून ती बिचारी हिवाळाभर दर रविवारी डबा भरून द्यायची आणि संध्याकाळी दारातच विचारायची, "मिळाला का हो?" 'नाही' म्हणायची त्यांना लाज वाटायची. आज काहीही करून मासा हवा होता.

त्यांनी शर्टच्या खिशात हात घालून सुट्ट्या माशा बाहेर काढल्या.

"खिशात काय ठेवता यार?" राजाराम म्हणाला. "टोचेल एखादी."

"तीन वर्षं ठेवतोय. सवय लागते."

त्यांनी काळी लावली आणि दोर फेकला. थोड्या वेळाने पाण्याखाली झटका बसला. त्यांनी हलकेच ओढलं. काठी वाकली, आणि पुन्हा सरळ झाली. मासा गेला होता.

पलीकडे राजाराम आपला दुसरा मासा पाण्यात सोडत होता.

श्यामकांतांचा तोल सुटला. "खरं सांग राजाराम, मला सांगतोस एक आणि स्वतः लावतोस दुसरीच. तीन वर्षं मी वेड्यासारखा तुझ्यावर विश्वास ठेवतोय."

"काय बोलता श्यामराव?"

"धोका दिलास तू. एवढ्या वर्षांच्या दोस्तीत, एका माशासाठी!"

राजारामचा चेहरा पडला. आपल्या दोराची माशी त्याने कापली आणि श्यामकांतांच्या हातावर ठेवली. काळी लोकर, जांभळ्या रेशमाची गाठ. हुबेहूब त्यांच्या माशीसारखीच.

"वहिनींच्याच हातची आहे. घ्या, हीच लावा."

श्यामकांत ओशाळले. गाठ मारताना माशी बोटात रुतली आणि रक्ताचा थेंब आला. बोट तोंडात धरून त्यांनी दोर फेकला.

या वेळी झटका बसला आणि सुटला नाही. काठी वाकलेलीच राहिली. राजाराम धावत जाळी घेऊन आला. ठिपक्याठिपक्यांचा, अंगावर गुलाबी पट्टा असलेला ट्राऊट जाळीत उसळला. श्यामकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मासा अलगद सोडला आणि राजारामचा हात धरला.

"चुकलो रे. माफ कर."

"छोडो. आधी वहिनींना कळवा."

फोन लागला. मागे टाळ आणि बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"कुमुद, मिळाला! ट्राऊट मिळाला!"

पलीकडे टाळ थांबले.

"मिळाला?" ती म्हणाली. "कुठल्या माशीने?"

"काळ्या."

"तुमच्या काळ्या?"

"राजारामने त्याची दिली. तुझ्याच हातची गं."

"त्यांची कशाला घेतलीत?"

"अगं, ते जाऊ दे. आता हिवाळ्यातही दर रविवारी मी घरी. शब्द दिलाय ना तुला?"

"हो," कुमुद म्हणाली. "दिलाय खरा."

फोन बंद झाला. तो खिशात ठेवताना श्यामकांतांच्या बोटांना आतल्या माशा लागल्या. मघाशी रक्त आलेलं बोट अजून ठणकत होतं. ते क्षणभर थांबले. मग खिशातली तपकिरी माशी काढून त्यांनी अंगठ्यावर दाबली. मग नारिंगी. मग काळी, चांगला जोर लावून.

अंगठ्यावर साधा ओरखडाही उठला नाही.